‘आली का?’ पहिल्यांदा कुणी विचारलं

बालवाडीच्या बाईंनी धाकटीला फाटकातच गाठलं. पोरीचा डबा तिच्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण घरी जरा लक्ष द्या. काल वरच्या ऑफिसातून मोठ्या बाई आल्या होत्या तपासणीला. त्यांनी वर्गात पाऊल टाकलं नाही तोच तुमच्या चिमणीनं काय विचारावं? ‘आली का?’"

"अगंबाई," धाकटी म्हणाली.

"तेही चाललं असतं हो. पण बाकीच्या तीस जणांनी एका सुरात उत्तर ठोकलं, ‘उद्याऽ’. मोठ्या बाई माझ्याकडं बघतायत. आता त्यांना काय सांगू, आमच्या गावात हल्ली नमस्काराऐवजी हेच चालतं म्हणून?"

धाकटीनं बाईंची माफी मागितली, पोरीला लटकं रागावली आणि तिचं बोट धरून चालू लागली. खरं तर तिला हसू आवरत नव्हतं. आणि त्या हसण्याच्या तळाशी, कुणापाशी बोलता येणार नाही असा, थोडासा अभिमानही होता. कारण गावभर झालेला हा नमस्कार पहिल्यांदा तिच्याच तोंडून बाहेर पडला होता.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिथं तिला सगळे धाकटी म्हणत. कॉलेज शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. म्हणून मुकादमानं तिला खिडकीवर बसवलं होतं. धुलाईघर तळघरात. वॉर्डांतून मळक्या कपड्यांची गाठोडी खाली यायची. ती खिडकीतून आत घ्यायची, सोडायची, चादरी किती, अभ्रे किती, पांघरुणं किती, हे वहीत लिहायचं आणि गाठोडं आत ढकलायचं, हे तिचं काम. आत वाफ, साबणाचा उग्र वास आणि यंत्रांचा असा घरघराट की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. घरी गेल्यावरही धाकटी तासभर ओरडूनच बोलायची. सासू म्हणायची, "आम्ही बहिरे नाही गं, बाई."

हॉस्पिटलच्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यावर शिक्का असे. शिक्का नसलेलं काही गाठोड्यात आलं, तर ते रोग्याच्या घरचं समजून आठ दिवस फळीवर ठेवायचं आणि वॉर्डात विचारणा करायची, असा नियम होता. आठ दिवसांत कुणी आलं नाही, तर ते चिंध्यांत जाई आणि त्याचे हातभर रुंदीचे तुकडे फरशी पुसायला वापरत. नियम चांगला होता. पण फळी भरून वाहत होती, वॉर्डात फोन कुणी उचलत नव्हतं, आणि मुकादमाला मंगळवारी चिंध्या हव्या असत. म्हणून धाकटी मंगळवारी सकाळी फळीवरचं सगळंच खाली काढी आणि वहीत लिही, ‘आठ दिवस पूर्ण.’ तिच्या आधी खिडकीवर बसणारीही तेच करायची. कधी कुणी विचारायला आलं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका बुधवारी एक आजोबा आले.

उंच, किंचित वाकलेले. कापडी पिशवी छातीशी धरलेली, आणि पिशवीला चक्क इस्त्री. मान कलती करून त्यांनी खिडकीतून विचारलं, "आमची चादर आली का हो? तपकिरी आहे. हिरवा काठ. सोमवारी चुकून तुमच्या कपड्यांबरोबर खाली आली असं नर्सबाई म्हणाल्या."

धाकटीला ती लगेच आठवली. तपकिरी, हिरव्या काठाची, लोकरीची. कालच तिनं ती कात्रीखाली घातली होती. जाड होती म्हणून दोन बायकांनी ताणून धरली होती.

ती आत मुकादमाकडं गेली. मुकादम यंत्राचा पट्टा बसवत होता. त्यानं मान वर न करता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या सांग."

"पण ती तर..."

"अगं, उद्या सांग, परवा पुन्हा उद्या सांग. म्हातारं माणूस, चार दिवस येईल आणि थकेल. आता खरं सांगितलंस तर अर्ज करेल, चौकशी लागेल, आणि ‘आठ दिवस पूर्ण’च्या खाली सही कुणाची आहे? माझी का?"

सही धाकटीची होती. घरी चार वर्षांची पोर होती, आणि नवऱ्याची पावाची गाडी महिन्यातून दहा दिवस गॅरेजातच असायची. ती खिडकीशी परतली आणि म्हणाली, "उद्या या, आजोबा."

"बरं," आजोबा म्हणाले. "एवढ्या चादरी म्हटल्यावर वेळ लागणारच."

पण आजोबा थकले नाहीत. रविवार सोडला तर रोज साडेदहाला खिडकीशी हजर. मान कलती, पिशवी छातीशी, "आली का?" कधी धाकटी म्हणे, यंत्र बंद आहे, कधी म्हणे, दुसऱ्या इमारतीतून यायचीय. पण शेवटी शब्द एकच, उद्या. आजोबा "बरं" म्हणत आणि जिना चढून जात.

पंधरा दिवसांनी, चहाच्या सुट्टीत, इस्त्रीवर काम करणारी जाडजूड वहिनी उशिरा आली. धाकटीला काय सुचलं कोण जाणे. तिनं रिकामं डबडं छातीशी धरलं, मान कलती केली आणि आजोबांचा तो मऊ, ओढलेला सूर हुबेहूब काढला. "आली काऽ?" वाळवणीवरचा माणूस तितक्याच तत्परतेनं धाकटीचा खिडकीतला आवाज काढून म्हणाला, "उद्या!" वहिनीच्या नाकातून चहा बाहेर आला. दिवसभर वाफेत उकडणाऱ्या माणसांना हसायला काहीही पुरतं. शिवाय त्या हसण्यात धाकटीच्या मनावरचं ओझं जरा हलकं झालं, हेही खरं.

दुसऱ्या दिवसापासून धुलाईघरात कामावर येणाऱ्याचं स्वागत तसंच होऊ लागलं. वॉर्डबॉय गाठोड्यांबरोबर तो नमस्कार वर घेऊन गेले. लिफ्टवाल्यानं उचलला, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांनी उचलला, फाटकासमोरच्या चहावाल्यानं तर दिवसाला दोनशे जणांना वाटला. भेटल्यावर ‘आली का?’ आणि निघताना ‘उद्या’. नळाला पाणी नसलं तरी तेच, पगार लांबला तरी तेच, बस चुकली तरी तेच. कुणी म्हणे, हे पाण्याच्या टँकरवरून निघालं. कुणी म्हणे, एका नवरदेवाची नवरी मांडवात आलीच नाही, तेव्हापासून सुरू झालं. धाकटीचा नवरा एकदा पाव टाकून घरी आला तो सांगतच, "आज नदीपलीकडच्या दुकानातसुद्धा ऐकलं. तुझी कंपनी मोठी झाली, बाई." दोघं खूप हसले होते.

तर असा तो नमस्कार आता बालवाडीत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीला अचानक सुट्टी लागली आणि सासू गेलेली लेकीकडं. धाकटी पोरीला घेऊनच कामावर आली. तिला तिनं खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं. आतले वाफेचे पाइप उघडे, जमीन ओली, साबणाची पिंपं उघडी. दर दोन मिनिटांनी ती खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होती. चिमणी कागदावर रेघा ओढत होती.

साडेदहा झाले. जिन्यावर पावलं वाजली. धाकटीनं मान वर केली तोवर उशीर झाला होता. चिमणी उठून उभी राहिली होती आणि कुणाही मोठ्या माणसाला करावा तसा तिनं आजोबांना नमस्कार केला. "आली का?"

आजोबा थांबले. कठड्याला धरून, गुडघे सांभाळत ते तिच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "नाही गं, बाळ. अजून नाही आली. पण उद्या येणार आहे. या बाई म्हणाल्यात."

"उद्याऽ," चिमणी खिदळली.

"तुलाही माहीत आहे?" आजोबांचा चेहरा उजळला. ते खिडकीकडं वळले. "तुमची का ही? गोड आहे. खरं सांगू का बाई, आमची ही गेली तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला विचारणारं कुणी उरलं नाही. मूलबाळ नाही आम्हाला. पण या गावानं मला लाजवलं. त्या समोरच्या चहावाल्याला सांगितलं होतं मी एकदा चादरीचं. त्याच्याकडून कळलं असेल. आता फाटकात शिरलो की पहारेकरी विचारतो, आली का? कंडक्टर विचारतो. आमच्या गल्लीतली पोरं सायकल थांबवून विचारतात. मी सगळ्यांना थांबून सांगतो, नाही रे, उद्या. एका चादरीची एवढी काळजी कोण करतं हो?"

धाकटीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"ही म्हणजे आमची मंडळी," आजोबा पुढं म्हणाले. आज ते बोलायच्या लहरीत होते. "तिला इथलं पांघरूण टोचायचं, म्हणून घरची चादर आणली होती. ती खाली गेली आणि हिनं हट्टच धरला. म्हणाली, जा, घेऊन या, तुम्ही विसराल. मी म्हटलं, उद्या आणतो. त्याच रात्री गेली. चाळीस वर्षांत मी तिचं एक काम वेळेवर केलं नाही, ते हे शेवटचं तरी करावं म्हणतो. नाहीतर चादरी काय, घरी दोन आहेत. बरं, मग उद्या येऊ ना?"

धाकटीनं मान हलवली. कोणत्या दिशेनं हलवली, ते तिचं तिलाही कळलं नाही. आजोबा "बरं" म्हणाले आणि जिना चढून गेले.

खिडकीच्या आत, कोपऱ्यात, शिवणाच्या मशीनवर फाटक्या चादरींना ठिगळं लावणाऱ्या मावशी बसत. धुलाईघरात त्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी पाय मशीनवरून काढला होता.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं." धाकटी म्हणाली. "मावशी, त्यांना वाटतंय की लोक..."

"हो. त्यांना माणुसकी वाटतेय ती."

"पण मावशी, चादर चुकून कापली गेली. मी काय मुद्दाम केलं का?"

"कापलीस ती चूक. चूक एकदा होते, माणूस आहे. पण ‘उद्या’ ही चूक नव्हती, धाकटे. ते तू रोज, शुद्धीवर असताना, पदर सावरून म्हणत होतीस. आणि आम्ही हसत होतो. मीही हसले. पहिल्या दिवशी मीही हसले, ते काही मी नाकारत नाही."

"आता सांगून काय होणार? उलट आत्ता त्यांना बरं तरी वाटतंय."

"त्यांचं बरं वाटणं तुझ्या सोयीचं आहे, म्हणून तुला गोड लागतंय." मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला, पण तो ओवला जाईना. "उद्या गल्लीतलं एखादं पोरगं त्यांच्या तोंडावर हसेल. सांगेल, आजोबा, आम्ही तुम्हाला विचारत नाही, तशी पद्धतच आहे. तेव्हा त्यांच्याजवळ कोण असेल? तू?"

धाकटी पुढचं गाठोडं सोडू लागली. दुपारी तिनं वेगळाच मार्ग धरला. नमस्कारच बंद पाडायचा. वहिनीला म्हणाली, आजपासून ते बोलायचं नाही. वहिनी म्हणाली, "का गं, तुझा कॉपीराइट आहे का?" पहारेकऱ्याला सांगायला गेली, तर तो लांबूनच हात वर करून म्हणाला, "काय, आली का?" चहावाल्याला तिनं सगळी हकीकत सांगितली. तो गंभीर झाला, च्च च्च म्हणाला, आणि तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाला, जिभेला वळणच पडलेलं, म्हणाला, "या, आली का?" मग ओशाळून धाकटीकडं बघू लागला.

धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही असं आपण म्हणतो. बाण निदान एकाच ठिकाणी लागतो. हा शब्द तर घरोघरी जाऊन बसला होता. धाकटी तिथं रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत राहिली. शाळेतून सुटलेली पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बाया, दाढी करणारा न्हावी. जो तो ज्याला त्याला तेच विचारत होता. पाच महिन्यांपूर्वी तिनं एका म्हाताऱ्याची नक्कल केली होती, आता अख्खं गाव करत होतं. आणि नक्कल कुणाची ते एकालाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पावाचे रिकामे क्रेट धूत होता.

"मुकादम काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"म्हणतो, रोज मरे त्याला कोण रडे. स्टोअरमधून एखादी तपकिरी चादर दे आणि मोकळी हो."

"मग दे की."

"त्यांना कळणार नाही?"

"कळलं तर कळलं. निदान तू काहीतरी दिलंस. हे बघ, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. पण सही तुझी आहे. पोरीची फी तोंडावर आलीय. त्या माणसाचं आता काय वाचणार आहे?"

नवरा वाईट नव्हता. तुमच्या आमच्या घरात जे बोललं जातं, तेच तो बोलला. आणि धाकटीनंही तेच ऐकलं.

सकाळी तिनं स्टोअरमधली तपकिरी चादर काढली, शिक्क्याचा कोपरा मुडपून शिवला आणि घडी घालून खिडकीत ठेवली. साडेदहाला आजोबा आले. चादर बघताच ते खिडकीत आणखी वाकले. त्यांनी ती उलगडली नाही. फक्त काठावरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"ही नाही, बाई," ते हळूच म्हणाले. आणि धाकटीलाच समजावत म्हणाले, "असू दे. एवढ्या ढिगातून शोधताय, चूक व्हायचीच. ही कुणा दुसऱ्याची असेल, तोही वाट बघत असेल बिचारा. नीट ठेवा हं."

ते असं म्हणाले आणि धाकटीचा धीर सुटला. रागावले असते, ओरडले असते, तर कदाचित तिनं आजही वेळ मारून नेली असती.

"आजोबा, थांबा. तुमची चादर नाही येणार."

"म्हणजे?"

"ती कापली. फरशी पुसायच्या फडक्यांसाठी. आठ दिवस ठेवायची असते, मी नाही ठेवली. वहीत खोटं लिहिलं. सही माझी आहे."

आतल्या यंत्रांचा घरघराट चालूच होता. आजोबांनी कान पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"केव्हा कापली?"

"मंगळवारी."

"मी पहिल्यांदा आलो तो बुधवार होता."

"हो."

आजोबांनी मान हलवली. ते मनाशी काहीतरी मोजत होते. दिवस असतील, जिने असतील. मग त्यांनी विचारलं, आणि हाच प्रश्न येईल या भीतीनं धाकटी आदल्या दिवसापासून आतल्या आत तुटत होती. "मग हे एवढे सगळे लोक रोज विचारतात, त्यांना कुणी सांगितलं नाही का, की ती येणार नाही म्हणून?"

इथं ती गप्प बसू शकली असती. नाही सांगितलं, एवढं म्हणाली असती तरी भागलं असतं. तिनं मावशींकडं पाहिलं. मावशींचा पाय मशीनवर थांबलेला होता. हे तिचं तिनंच करायचं होतं.

"आजोबा, ते तुमच्या चादरीचं विचारत नाहीत. त्यांना तुम्ही माहीतही नाही. मी इथं एकदा तुमची नक्कल केली होती, हसण्यासाठी. ती सगळ्यांच्या तोंडी बसली. आता लोक एकमेकांना भेटले की तसं म्हणतात. नुसतं म्हणतात. तुम्हालाही तसंच म्हणतात."

काय केलं मी हे! चादर कापताना कात्री निदान तिच्या हातात होती. आता ती काय कापत होती, ते तिला समोर दिसत होतं. आजोबांचा चेहरा काही रडवेला झाला नाही. तो फक्त हळूहळू बंद होत गेला, एकेक खिडकी लावून घ्यावी तसा.

"ती पोरं सायकल थांबवून..." ते म्हणाले.

"मला माफ करा."

"मी सगळ्यांना थांबून उत्तर द्यायचो," आजोबा म्हणाले. "कुणाकुणाला तर सविस्तर." त्यांचे कान लाल झाले होते. पाच महिन्यांची लाज त्यांना एकदम येत होती. जी लाज धाकटीला यायला हवी होती, ती त्यांना येत होती.

ते जिना चढू लागले. धाकटी खिडकी सोडून मागं धावली. फाटकात पहारेकरी स्टुलावर बसला होता. त्यानं सवयीनं हात वर केला. "काय आजोबा, आली का?"

रोज थांबणारे आजोबा आज थांबले नाहीत. ते भिंतीच्या कडेनं, डोळे जमिनीला लावून, झपाझप चालत गेले. त्या वयाच्या माणसानं चालू नये इतकं झपाझप. पहारेकरी म्हणाला, "यांना आज काय झालं?" धाकटी तिथंच पायरीवर बसली. 

त्याच दुपारी तिनं वहीत त्या तारखेखाली खरं काय ते लिहिलं आणि वही वरच्या साहेबांकडं नेली. चौकशी झाली. नोकरी गेली नाही, पण मुकादमानं तिला खिडकीवरून काढून भिजवणीच्या टाक्यांवर टाकलं. तिथं हात कोपरापर्यंत औषधाच्या पाण्यात असतात आणि रात्रभर आग होते. आठ दिवसांचा नियम आता खरोखर पाळला जातो. फळी अपुरी पडली म्हणून साहेबांनी दुसरी ठोकून दिली. धुलाईघरात तो नमस्कार बंद झाला. वहिनीनं एक दिवस आपणहून कानाला खडा लावला. बस, एवढंच. यापलीकडं काहीही सुधारलं नाही.

आजोबांचा पत्ता धाकटीनं वॉर्डाच्या कागदांतून काढला. ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले, पाणी दिलं. तिनं पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं वय लहान आहे, घरी पोर आहे. मी रागावलेलो नाही." आणि खरंच रागावले नव्हते. राग असता तर तो कधीतरी उतरला तरी असता. ते म्हणाले, "फक्त एक सांगतो. तुम्ही चादरीचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना, तर मी घरी जाऊन रडलो असतो आणि झालं असतं. आता मला रस्त्यात कुणी हाक मारली की कळत नाही, हा मला हाक मारतोय की माझी चेष्टा करतोय."

शेजारच्या काकूंनी जिन्यात तिला सांगितलं, "हल्ली ते बाहेर पडत नाहीत. पडले तर पोरं शाळेत असतात तेव्हा, भर दुपारी. पूर्वी किती बोलायचे सगळ्यांशी."

धाकटीनं त्या गल्लीतल्या पोरांना गोळा करून सगळं सांगितलं. दोघं-तिघं रडवेली झाली. एकानं विचारलं, "मग आम्ही जाऊन सॉरी म्हणू?" ती सगळी गेली. आजोबांनी दार उघडलं, त्यांना गोळ्या दिल्या, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा गेली तेव्हा कडी आतून होती. तिनं बाहेरून आपण आल्याचं सांगितलं, बराच वेळ उभी राहिली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली, आणि परत फिरली.

चिमणीला आता तिनं तो शब्द सोडायला लावलाय. का, तेही सांगितलं. लहान मुलांना कळतं, आपणच सांगायला घाबरतो. चिमणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबा परत हसणार कधी?"

जो शब्द धाकटीच्या जिभेवर पाच महिने तयार बसलेला होता, तो याही वेळी पुढं आला. तिनं तो गिळला आणि म्हणाली, "मला माहीत नाही, बाळा."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात, ऑफिसात, घरात असा एखादा शब्द असेल. सगळे म्हणतात म्हणून तुम्हीही म्हणत असाल. कुणाचा सूर, कुणाचं तोतरं बोलणं, कुणाचं कधीतरी फजितीत निघालेलं वाक्य. तो जिभेवर आला की एकदा विचारा, हे पहिल्यांदा कोण बोललं आणि त्या वेळी त्याच्यावर काय गुदरलं होतं? उत्तर मिळेपर्यंत तो तोंडातच ठेवा. आणि तुम्ही एखाद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसत असाल, तर ‘माझ्या हातून गेलं’ हे पहिल्या दिवशी सांगून टाका. त्या दिवशी ते एका माणसाचं दुःख असतं आणि ते त्याला पेलतं. उशीर केलात, तर खरं बोलणंही त्याला घावासारखंच लागतं, आणि मग तुमची माफी दाराबाहेर उभी राहते. दार उघडायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. न उघडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.